डॉली धरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमची जुनी नाव पाण्यात चालती केलीत, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत. दिवाळीला पाठवलेलं शर्टाचं कापड नातीच्या हाती परत आलं. घरी येऊन आभार मानायला लागले तर "पोरी, चहा ठेव नं आधी" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, पण तुमची नात वाचते आणि तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ती राहायची नाही. तेव्हा आता सुटका नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या अंगणात एक 14 फुटी ॲल्युमिनियमची नाव वीसेक वर्षं पालथी पडलेली होती. बाबांनी ती जुन्या सामानाच्या लिलावात घेतली होती, मागे लावायच्या जॉन्सन कंपनीच्या 10 हॉर्सपॉवरच्या इंजिनासकट. आई तिला 'जर्मनचा गंज' म्हणायची. (विदर्भाबाहेरच्यांनी गोंधळू नये. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि पातेल्याला गंज. लोखंडाला चढतो तो गंज वेगळा, आणि तो या नावेला चढूच शकत नाही.) नावेखाली कूलरचे स्टँड, जुनी खस, उरलेल्या विटा असं सगळं ठेवलेलं असे. दर पावसाळ्यात गल्लीतली कुत्री तिथंच व्यायची. बाबा असेपर्यंत "पुढच्या वर्षी करू" चालू होतं. बाबा गेले आणि भंगारवाला किलोचा भाव विचारून गेला.

मी देऊनच टाकणार होते. त्याआधी एका वर्कशॉपला दाखवली, तर त्यांनी गळणाऱ्या रिव्हेटांवर (पत्रे जोडणाऱ्या, ठोकून बसवलेल्या खिळ्यांवर) वेल्डिंग करायला घेतलं. पत्रा पातळ, वर बाबांनी पूर्वी फासलेलं डांबर. थेंबाएवढ्या गळतीच्या जागी रुपयाएवढी दोन भोकं पडली. वर सल्ला मिळाला, "मॅडम, फेकून द्या."

त्या दुसऱ्या दिवशी मी तर्री पोह्याच्या गाडीजवळ उभी राहून भावाशी फोनवर हेच सगळं तावातावानं बोलत होते. मागून आवाज आला, "रिव्हेटले वेल्डिंग कोन सांगितलं तुम्हाले?" वळून पाहिलं तर हातात प्लेट, कपाळावर तर्रीचा घाम आणि चेहऱ्यावर खरोखरचा राग. माझ्यावर नव्हे, त्या वेल्डिंगवर. तेच तुम्ही.

संध्याकाळी दाभ्याहून स्कूटरवर आलात. नावेवर बोटाच्या पेरानं टकटक केलीत, सबंध पोटावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "हे तं विमानच हाय. पंख नाही, एवढंच." मला ती तेव्हा थट्टा वाटली. तुमचा हवाई दलातला जन्म ओझरच्या 11 बेस रिपेअर डेपोत एअरफ्रेम फिटर म्हणून विमानांचे पत्रे काढण्या-बसवण्यात गेला, हे नंतर कळलं. ग्रुमन ही अमेरिकेची लढाऊ विमानं बनवणारी कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या छोट्या नावा करू लागली, हेही तुम्हीच सांगितलंत. तोच पत्रा, तेच रिव्हेट, तेच कारागीर. आमची नाव ग्रुमनची नाही, पण घराणं तेच.

मी पहिल्याच दिवशी हातोडी उचलली होती. तुम्ही काढून घेतलीत. म्हणालात, आधी कुठं दुखते ते इचार तिले. मग नाव सुलटी केली, खाली जुने टायर आणि वाळूची पोती लावली, कारण पाणी भरल्यावर मधे आधार नसेल तर पत्रा पोट काढतो. आतून फक्त वीतभर पाणी भरलं. मे महिन्यात नागपुरात अंगणात वीतभर पाणी म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. गल्लीतली सगळी पोरं येऊन बसली. तुम्ही मात्र खाली चटईवर आडवे होऊन जिथं थेंब दिसेल तिथं खडूनं गोल करत होतात. 61 गोल. त्यातले निम्मे बाबांनी डांबर फासलेल्या जागी होते. डांबर वरून चिकटलं होतं, आत पाणी आपलं वाट काढत होतं.

आता रिव्हेट. इतवारीच्या लोहाओळीत मी तीन दुकानं फिरले, सगळीकडे पॉप रिव्हेट. तुम्ही हसलात. पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, साधा घेतला तर पाणी त्याच्या मधूनच आत येतं. आपल्याला भरीव पाहिजे होते, दीड सुताचे, तेही मऊ ॲल्युमिनियमचे. ते तुम्ही नाशिकहून मागवलेत. आणि नियम सांगितलात तो मला आता झोपेतही म्हणता येईल: पत्र्याबाहेर रिव्हेटची दांडी तिच्या जाडीच्या दीडपट उरली पाहिजे. कमी उरली तर डोकं नीट बनत नाही, जास्त उरली तर वाकते.

रिव्हेट एकट्यानं ठोकता येत नाही, हे मला माहीतच नव्हतं. बाहेरून एक जण हातोडी मारतो, आतून दुसरा दांडीच्या टोकाला जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्या ठोकळ्याला तुम्ही डॉली म्हणता. डोकं हातोडीनं बनत नाही, ते डॉलीवर चेपून बनतं. डॉली जरा तिरपी झाली की डोकं तिरपं, हात ढिला पडला की पत्र्यालाच पोचा. मी तीन-चार वेळा धरून पाहिली आणि तीन-चार रिव्हेट ड्रिलनं काढून टाकावे लागले. मग तुम्ही काही न बोलता जागा बदललीत. हातोडी मला दिलीत आणि स्वतः नावेत शिरलात.

काका, या पत्रात मला खरं म्हणजे एवढंच सांगायचं होतं. 74 वर्षांचा माणूस, मे महिना, पारा 44च्या वर, पहाटे 5 वाजता सुरुवात केली तरी 8 वाजेपर्यंत पत्रा तव्यासारखा तापायचा. तुम्ही आत गुडघ्यांवर बसून, ओल्या पंचानं डोकं झाकून, डॉली धरायचात. बाहेर मी ठकठक करायची. येणारेजाणारे थांबून म्हणायचे, "वा ताई, काय काम करून राहिल्या!" तुम्ही कोणाला दिसतच नव्हतात. आतून फक्त "मार", "थांब", "आता मार" एवढं ऐकू यायचं. सोळा दिवस. मी जे फोटो टाकले, ज्यांवर तुम्हा सगळ्यांचे अंगठे आले, त्या एकाही फोटोत काका नाहीत. लाकडी फळीमागून वर आलेला पंचाचा एक कोपरा एका फोटोत आहे, शोधून पाहा.

वेल्डिंगच्या दोन भोकांवर तुम्ही विमानासारखी ठिगळं लावलीत, कोपरे गोल करून, खाली बसच्या काचा बसवतात तो पीयू सीलंट भरून. ती नावेची सगळ्यात देखणी जागा आहे असं माझं मत आहे. मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती हातानं भुगा होत होती. लकडगंजातून सातशेदहा, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय आणला. रंगाचं थोडक्यात सांगते: ॲल्युमिनियम घासल्यावर काही मिनिटांतच त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि मग साधा रंग पोपडे धरून निघतो, म्हणून घासल्याबरोबर एच (etch) प्रायमर, पत्र्याला घट्ट धरणारा. ते मी केलं. बरं झालं आहे.

इंजिन. "हे माझं काम नाही," असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. हवाई दलात एअरफ्रेमवाला इंजिनाला हात लावत नाही म्हणे. म्हणून मोमिनपुऱ्यातल्या तुमच्या जुन्या स्कूटर मिस्त्रींना घेऊन आलात. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "ये तो चेतक का बडा भाई है." टू-स्ट्रोक, फ्लायव्हीलखाली ठिणगी पाडणारं सगळं: मॅग्नेटो, पॉइंट, कंडेन्सर. जाम झालेल्या सिलिंडरांत तेल ओतून आठ दिवस कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम. नवव्या दिवशी फ्लायव्हील हातानं फिरलं तेव्हा मी ओरडले होते. फ्लायव्हील मात्र हातोडीनं नाही, पुलरनंच काढलं. ठोकून काढलं की क्रँकशाफ्ट बाद. आतल्या दोन्ही कॉइलचं आवरण तडकलेलं होतं. जॉन्सन कंपनीची मालक ओएमसी 2000 सालीच दिवाळखोरीत गेली, पण तिची इंजिनं जगात इतकी विकली गेली आहेत की कॉइल आणि पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र आजही नवं मिळतं. ते अमेरिकेहून आलं. पॉइंटची फट वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). गिअरबॉक्सचा स्क्रू काढला तर तेलाच्या जागी चक्क ताक बाहेर आलं, म्हणजे सील गेलेलं आणि तेलात पाणी शिरलेलं. तेही बदललं.

आणि मग ते पेट्रोलचं कोडं. इंजिन ड्रममध्ये बुडवून चालवायचो (कोरडं चालवलं तर ते रबरी चक्र जळून जातं), पाच मिनिटं गोड चालायचं आणि मग कार्ब्युरेटर ओसंडून वाहायचा. मिस्त्रींनीही हात टेकले. ते तुम्ही सोडवलंत. कार्ब्युरेटरमधला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी सांभाळतो तो तुकडा) बुचाचा, त्यावर लाखेचा थर. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. "फ्रेंच पॉलिशवाला लाख कशात विरघळवते?" तुम्ही विचारलंत. स्पिरिटमध्ये! आणि इथेनॉल म्हणजे तेच. थर विरघळला, बूच पेट्रोल प्यायलं, फ्लोट जड होऊन बुडाला. फ्लोट वाळवून त्यावर फेव्हिक्विकचे दोन हात दिले, तेव्हापासून तक्रार नाही. ऑइलही तुम्ही स्कूटरचं टाकू दिलं नाहीत. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचं वेगळं मागवलं, लिटरला 42 मिली, कारण 1964च्या आधीच्या या इंजिनांना चोविसास एक लागतं. शेजारच्या काकूंनी धुराबद्दल तक्रार केली तेव्हा त्यांना ड्रममागे उभं करून भोकांतून उडणारा पाण्याचा फवारा दाखवलात. त्या अजून सगळ्यांना सांगतात.

दिवाळीनंतर भंडाऱ्याकडे आत्याच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात नाव उतरवली. मच्छीमार संस्थेची रीतसर परवानगी काढून, लाइफ जॅकेट घालून. तुम्हाला यायचं होतं, पण त्या सोळा दिवसांनंतर तुमच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला होता, आणि त्याचं मला वाईट वाटतं, ते इथंच लिहून ठेवते. पहिल्या दोरीला नाही, तिसऱ्या दोरीला इंजिन लागलं. नावेत एक थेंब नाही. आत्या काठावरून ओरडत होती, "पाह्यजो वो बाई!"

तलावाच्या मधोमध माझी अक्कल गेली आणि मी शिंगाड्याच्या वेलांत शिरले. खट्ट. इंजिन चालू, पाण्यातला पंखा बंद. मला वाटलं संपलं, गिअर तुटले. मग आठवलं, पंख्यात आडवी एक मऊ पिन असते, अडथळा आला की गिअरऐवजी तीच तुटते, तिचं कामच ते. पण दुसरी आणायची कुठून?

वल्हं काढायला मी फळीखाली हात घातला तर तिथं चिकटपट्टीनं चिकटवलेली एक प्लास्टिकची पुडी लागली. आत छोटी पक्कड, दोन कॉटर पिन, पितळी सळईच्या हातानं घासून केलेल्या दोन पिना आणि तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: "वेलात जाऊ नये. गेलीच तर ही."

मला काहीच सांगितलं नव्हतंत. दहा मिनिटांत पिन बसली.

काका, आता पुडीत एकच उरली आहे. गुडघे बरे झाले की आणखी दोन घेऊन या. पुढची फेरी तुमची, आणि या वेळी आत मी बसते.

तुमची,
प्रतापनगरची पोरगी