एम.ए. झालेल्यांनाही पहिलीच्या वर्गापर्यंत वाट द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली, मराठीत एम.ए. केलं, मग बी.एड. पण केलं, आणि मला हायस्कूल नको पहिली-दुसरीच शिकवायचीय असं सांगितलं की लोक म्हणतात एवढं शिकून पोरांची नाकं पुसणार काय. ते चालतंय, पण खरी अडचण वेगळीच. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही. २०१८ ला एनसीटीईनं, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, बी.एड.वाल्यांना सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सवर जी सूट दिलेली तीपण गेली. म्हणजे आता परत डी.एल.एड.ची, प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेची, दोन वर्षं, बारावी झालेल्या पोरींबरोबर.

तसा निकाल मला पटतोय. गावच्या शाळेत चार महिने मदतीला जात होते, एकच बाई आणि चार वर्ग. पहिलीतलं एक पोरगं चिंचोके मोजता मोजता "धा" म्हणालं, मी लगेच "दहा म्हण" म्हटलं, आणि त्यानं मूठ मिटून घेतली, पुढं मोजेचना. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अगं आधी मोजू दे की त्याला, दहा म्हणायला येतंय मागनं. हे बी.एड.ला मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली ते तिसरीची पोरं एकत्र बसवून शिकवायची ती नलीकली, तीपण मी बाईंच्याकडंच बघितली.

मग हेच शिकवणारा एक वर्षाचा कोर्स द्या ना! इंग्लंडमध्ये पदवीनंतर शिक्षक व्हायचा एका वर्षाचा पीजीसीई कोर्स असतोय, प्रायमरीचा वेगळा, त्यातले १२० दिवस तर शाळेतच काढायचे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एम.ए.वाल्यांना एक वर्षाचं बी.एड. म्हटलंय, पण ते पहिली ते पाचवीला धरणार नसतील तर आमच्या काय उपयोगाचं? असा कोर्स खास प्रायमरीचा, मराठीतनं, बेळगावात सुरू व्हावा आणि एनसीटीईनं त्याला मान्यता द्यावी. घटनेत ३५० अ कलम १९५६ पासून आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळायची सोय करा म्हणून, आणि सोय म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, त्या भाषेत लहान पोरांना शिकवायला तयार झालेलं माणूस पण पाहिजे.

आमच्या शाळेच्या बाई येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. एसडीएमसीतले, म्हणजे शाळेच्या कमिटीतले, काका परवा घरी आलेले, तू येशील काय गं म्हणून विचारत होते. त्यांना मी काय सांगू?

एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव