पर्यटनमंत्री साहेब, मालवणची स्कुबा व्हिडिओ बघून तपासू नका

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी देवबागला चार खोल्यांचा होमस्टे चालवते, नऊ वर्षं झाली. पाहुणे आले की बॅगा खाली ठेवायच्या आधी एक प्रश्न ठरलेला, "ताई, स्कुबा (पाठीला हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात उतरणं) कुणाकडे चांगली?" आणि मी इतकी वर्षं ओळखीच्या एकाच बोटवाल्याचं नाव सांगत आले कारण तो वेळेवर न्यायला येतो, बोलायला गोड आहे आणि व्हिडिओ त्याच रात्री मोबाईलवर पाठवतो. माणसामागे मला कमिशन मिळायचं तेही लिहून टाकते, इथे रिक्षावाल्यापासून खानावळीपर्यंत बऱ्याच जणांना मिळतं. पण चांगली स्कुबा म्हणजे नेमकं काय हे आपल्याला ठाऊकच नाही हे मला मागच्या डिसेंबरात कळलं, आणि ते कळलं एका पोरीच्या कानामुळे, म्हणून हे पत्र.

इचलकरंजीचं कुटुंब होतं. मुलगी तेरा-चौदा वर्षांची, दोन दिवस सर्दीने नाक चोंदलेलं, मीच तिला रात्री हळदीचं दूध दिलं होतं. जेट्टीवर तिला कुणी काही विचारलं नाही. फॉर्म भरून घेतला तो बोट सुटल्यावर, इंग्रजीत, वाऱ्यात फडफडणारा कागद, वडिलांनी एका हातात मोबाईल धरून चौघांच्या सह्या केल्या. पाण्यात उतरल्यावर कान दुखायला लागला, तिने हाताने काहीतरी खूण केली, पण खुणा नीट शिकवल्याच नव्हत्या, डायव्हरला वाटलं पोर घाबरलीय म्हणून त्याने आणखी घट्ट धरून खाली नेलं. व्हिडिओ सुंदर आला. संध्याकाळी ती जेवायला उठली नाही, सकाळी उशीवर रक्ताचा डाग. कुडाळला डॉक्टरांनी बघितलं तर कानाच्या पडद्याला भोक. बोटवाल्याला फोन केला तर म्हणतो, "पाण्यात गेल्यार कान दुखतलेच."

नाय साहेब, दुखायला नको असतात. मी त्यानंतर रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या एका डायव्हरकडे, गाबीत म्हणजे मच्छीमारांच्या वाड्यातला पोरगा आहे, बसून सगळं समजून घेतलं. समुद्राच्या वरती जेवढा हवेचा दाब असतो त्याच्या दुप्पट दाब १० मीटरवर होतो, म्हणजे सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, म्हणून पहिल्या मीटरपासूनच मास्कवरून नाक दाबून हळू फुंकायचं, कान मोकळा करायचा, मगच पुढे. दुखलं की थांबायचं आणि थोडं वर यायचं, ओढत न्यायचं नाही. सर्दी असेल तर कान नीट मोकळा होत नाही, म्हणून त्या दिवशी उतरायचंच नाही. आणि दुसरं, सिलिंडरची हवा घेताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण वर येताना तीच हवा छातीत फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं, त्याला फार खोलीसुद्धा लागत नाही. "अवो फक्त वीस फूट" असं जेट्टीवर जे सांगतात ना, त्या वीस फुटांतच हे सगळं होऊ शकतं.

हे समजावून सांगायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि माझं म्हणणं असं आहे की स्कुबावाला चांगला की वाईट ते या वीस मिनिटांत कळतं, पाण्याखाली नाही. पाण्याखाली बिचाऱ्या पर्यटकाला काय कळणार, पहिलीच वेळ, मासे दिसले की तो खूश.

त्याच पोराची एक गोष्ट सांगते. एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे, रात्री घेतलेली उतरली नव्हती आणि खिशात दम्याचा पंप. याने सरळ सांगितलं, काका तुम्हाला नेणार नाही, पैसे परत घ्या, बाकीच्यांना नेतो. पैसे दिले परत, पण काकांनी बोटीवर आरडाओरडा केला, रात्री गूगलवर एक स्टार दिला आणि लिहिलं, उद्धट सर्व्हिस. आणि ज्याने त्या सर्दीवाल्या पोरीला खाली नेलं त्याला तिच्या वडिलांनी त्याच दुपारी, कान दुखतोय हे कळायच्या आधी, पाच स्टार दिले होते. दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी वाचलेत. हे असंच राहिलं तर नाही म्हणणारा माणूस धंद्यातून जाणार आणि कुणालाही खाली नेणारा टिकणार. माझ्या हिशेबाने स्कुबातली सगळ्यात मोठी सर्व्हिस म्हणजे वेळेवर दिलेला नकार, पण आज नकार दिला की बोटवाल्याचे पैसे बुडतात, एजंटचं कमिशन बुडतं आणि वर शिव्या.

साहेब, तुमच्याकडे नियम नाहीत असं नाही. २०२१ ला साहसी पर्यटनाचं धोरण आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली, बोटींचं मेरीटाईम बोर्ड बघतं, तारकर्लीत एमटीडीसीचं स्वतःचं स्कुबा ट्रेनिंगचं केंद्र आहे. पण तपासणी होते ती कागदाची आणि लाईफ जॅकेटची. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले, तो दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर बोटीवर नजर गेली ते बरोबरच झालं, पण बोटीतून उतरल्यावर पाण्याखाली काय होतं तिकडे अजून कुणी बघत नाही.

म्हणून मागणं. प्रत्येक स्कुबावाल्याने जेट्टीवर मराठीत मोठा फलक लावायचा, एका डायव्हरमागे किती पर्यटक, जास्तीत जास्त किती खोल नेणार, डायव्हरकडे कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट आणि ते कधीपर्यंत चालू, सिलिंडरची शेवटची दाबचाचणी कधी झाली. कॉम्प्रेसर कुठे ठेवलाय तेही तपासा, हवा ओढणारा पाईप डिझेल इंजिनाच्या धुराजवळ असला तर तोच धूर सिलिंडरमध्ये भरला जातो, आणि कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो हो, माणसाला कळत नाही आपण काय ओढतोय. बोटीवर ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर आहे का, तो वापरता येणारा माणूस बोटीवर आहे का. तब्येतीचा फॉर्म मराठीत आणि जमिनीवर, बोट सुटायच्या आधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तब्येतीवरून नकार दिला तर पैसे पूर्ण परत हा नियम सगळ्यांना सारखा करा, म्हणजे एकट्या प्रामाणिक माणसाला भुर्दंड नको आणि पर्यटकालाही सर्दी लपवावीशी वाटणार नाही.

आमच्या पोरांचंही बघा. सीझनला एकेक डायव्हर दिवसात किती वेळा खाली-वर करतो ते कधीतरी जेट्टीवर बसून मोजा. पर्यटक एकदाच उतरतो, पोरगा दिवसभर उतरत असतो, आणि असं सारखं वर-खाली केल्याने रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. त्यांना पगार नाही, डुबकीमागे पैसे. मग तो स्वतःचं दुखणं तरी कशाला सांगेल? रोज किती डुबक्या याला मर्यादा हवी आणि त्यांना धरून विमा हवा.

समुद्राबद्दल एवढंच, १९८७ साली इथे सागरी अभयारण्य झालं आणि आज पाव-बिस्किटं टाकून मासे गोळा केले जातात, पर्यटकाला फोटोसाठी प्रवाळावर उभं करतात. जो तसं करतो त्याचे तपासणीत मार्क कापा.

आणि आता निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली गुलदार युद्धनौका समुद्राखाली ठेवायचा प्रकल्प आलाय. आम्हाला अभिमानच आहे, धंदाही वाढेल. पण बुडालेल्या जहाजाच्या आत शिरणं म्हणजे डोक्यावर लोखंडाचं छत, घाबरला तर सरळ वर येता येत नाही, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याला हात धरून आत नेणार नाही असं आत्ताच लिहून ठेवा, कारण एकदा तिथल्या व्हिडिओंची क्रेझ आली की मग कोण कुणाचं ऐकतंय.

मी त्या पोरीच्या घरी दोनदा फोन केला, कान भरून आलाय म्हणतात. कमिशन मी बंद केलंय. पाहुण्यांना आता सांगते, जो तुम्हाला सर्दी आहे का विचारेल त्याच्याकडे जा.

साहेब, एकदा या, पण कळवून येऊ नका, गाड्यांचा ताफा आणि हारतुरे नकोत. एखादा अधिकारी साधा पर्यटक म्हणून पाठवलात तरी चालेल, त्याला म्हणावं नाक चोंदलंय असं सांग आणि बघ किती जण तुला खाली न्यायला तयार होतात. सकाळी आठच्या आत जेट्टीवर पोचायला सांगा, नंतर गर्दीत कोण काय विचारतंय ते ऐकू येत नाही.

आपली,
देवबागची एक होमस्टेवाली