वजन घटवण्याची शस्त्रक्रिया: सर्व पर्याय रुग्णासमोर यावेत

महोदय,

अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळालेला गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती बसवून त्वचेखालच्या पोर्टमधून सलाइन भरून घट्ट-सैल करता येणारा सिलिकॉनचा पट्टा, एके काळी सर्वांत सुरक्षित उपाय म्हणून गाजला. परंतु पट्टा सरकणे, जठरात रुतणे आणि वजन अपेक्षेइतके न उतरणे यांमुळे असंख्य रुग्णांना तो काढून टाकावा लागला. आज भारतासह जगभर सर्वाधिक होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात. आतड्याची जोडणी बदलावी लागत नसल्याने ती तुलनेने सुटसुटीत आहे, हे खरे. मात्र ज्यांना आधीपासूनच छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते, त्यांचा त्रास तिच्यामुळे वाढू शकतो आणि काहींना पुढे गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यावी लागते. मधुमेह जुना असेल, तर बायपासची चर्चा आधीच व्हायला हवी, आणि बायपासनंतर बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. आता भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची इंजेक्शनेही आली आहेत. ती थांबवल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढते.

प्रचलित शस्त्रक्रिया प्रत्येकाला योग्य असतेच असे नाही. म्हणून सर्व पर्यायांची माहिती असलेले मराठी संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी रुग्णाच्या हाती देणे आरोग्य विभागाने रुग्णालयांना बंधनकारक करावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक