अधिक महिना

अटलांटा
२२ नोव्हेंबर २०२०

प्रिय बाळ्या,

पाडव्याला देवळं उघडली आणि सकाळीच तुझा आरतीचा व्हिडिओ आला. आठ महिन्यांनी ती झांज ऐकली, बरं वाटलं. पण संध्याकाळी फोनवर तू जे बोललास ते काही डोक्यातून जात नाही. "बेकायदा घुसलेली माणसं ती, तुला कशाला त्यांचा पुळका? आणि चर्चवाल्यांच्या नादी कधीपासून लागलास?" फोनवर आपलं नुसतं भांडण होतं, म्हणून इथं कोठडीत ठेवलेल्या परदेशी माणसांना मी का भेटतो, ते लिहायला बसलोय.

आधी जागा सांगतो. इथून सव्वादोनशे किलोमीटरवर लम्पकिन म्हणून गाव आहे. मिरजेतली एखादी पेठ त्याहून मोठी भरेल. तिथं स्ट्युअर्ट डिटेन्शन सेंटर, म्हणजे परदेशातून आलेल्यांना डांबायची कोठडी आहे, दोन हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं, आणि चालवते एक खासगी कंपनी. इमिग्रेशनचा खटला कायद्यानं दिवाणी. कुलूप, गणवेश, हजेरी मात्र तुरुंगाची. आणि खटला दिवाणी म्हणून सरकारी खर्चानं वकील मिळत नाही! आत काम केलं तर मजुरी दिवसाला एक डॉलरपासून सुरू. बाहेर तेवढ्यात चहासुद्धा येत नाही.

याच गावात 'एल रेफ्युजिओ' नावाचं घर आहे, २०१० पासून. लांबून भेटीला येणाऱ्या बायकापोरांना रात्री पाठ टेकायला जागा आणि जेवण. ज्यांचं इथं कोणीच नाही, त्यांना भेटायला स्वयंसेवक जातात. मी त्यातलाच एक झालो. या कामात चर्चमधली माणसं बरीच. "आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा भेटायला आलात" असं काहीसं त्यांच्या येशूनं सांगून ठेवलंय, आणि ते त्यांनी शब्दशः घेतलंय. बाटवतील म्हणतोस? दोन वर्षांत मला कोणी साधं प्रार्थनेला बस म्हणालं नाही. आणि आपण दोघेही जन्मलो ते मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातच की. बाटलो का?

१३ मार्चला भेटी बंद झाल्या, देशभरच्या सगळ्या केंद्रांत. एकेका हॉलमध्ये डझनांनी बंक, त्यात कसलं अंतर राखणार? मे महिन्यात स्ट्युअर्टमधला ग्वाटेमालाचा एक माणूस कोरोनानं गेला. वय ३४. मग ऑगस्टमध्ये एक, सप्टेंबरमध्ये एक. मार्चमध्ये देशभर ३८ हजार लोक कोठडीत होते, आज निम्म्याहून कमी आहेत. हा आकडा बघून खूश होऊ नकोस. मार्चपासून सीमेवर येणाऱ्याला कोठडीत न घेता काही तासांत मागं ढकलतात, म्हणूनही तो उतरलाय.

भेट बंद झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. तिकडे पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, तशी आम्हीही वाट काढली. कोणी फोनला पैसे भरले, कोणी कमिसरीच्या खात्यात टाकले. कमिसरी म्हणजे आतलं दुकान, साबण नि नूडल्सची पाकिटं तिथंच मिळतात. काही शहरांत लोक गाड्या घेऊन केंद्राबाहेर गेले आणि हॉर्न वाजवत राहिले, आतल्यांना कळावं म्हणून.

पण खरी अडचण पत्त्याची होती. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल न्यायाधीशानं हुकूम दिला की ज्यांच्या जिवाला जास्त धोका आहे त्यांना शोधून काढा आणि त्यांच्या कोठडीचा फेरविचार करा. आता सुटायचं तर कुठं राहणार ते सांगावं लागतं, आणि कोरोनात वर चौदा दिवसांची वेगळी खोली. या माणसांना पत्ता कुठून येणार? उलट देवळं-चर्चं बघ. कुलूप लावलेले वर्ग, रिकामं स्वयंपाकघर, अंगणात उभ्या गाड्या. जे यांना हवं तेच तिथं पडून होतं. शीख मंडळींना हे लवकर कळलं, कारण त्यांनी भोगलंय. २०१८ मध्ये ऑरेगॉनमधल्या शेरिडनच्या तुरुंगात आश्रय मागणारे १२३ जण ठेवले होते. त्यात ५२ भारतीय, बहुतेक शीख. पगड्यासुद्धा काढून घेतल्या होत्या.

आपल्या इथल्या देवळाच्या कमिटीपुढं मी विषय काढला. "हा राजकीय विषय आहे" म्हणाले. हॉस्पिटलला मास्क दिले होते, त्याचा फोटो मात्र भिंतीवर आहे. चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. पण भजनातल्या एका रिटायर जोडप्यानं मागाहून हळूच मला गाठलं आणि आपलं तळघर देऊ केलं. कमिटीला सांगू नका म्हणाले.

माझ्याकडे पत्रांचं काम आलं. साधा पांढरा कागद, पिना नाहीत, स्टिकर नाहीत, पाकिटावर माणसाचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं दिलेला ओळख क्रमांक. मला मेहसाण्याकडचा एक पोरगा मिळाला. हिंदीत लिहायचा, पण शिरोरेषाच नाही! आधी वाटलं घाईत असेल. मग लक्षात आलं, गुजरातीची सवय. पैसे कधी मागितले नाहीत. सप्टेंबरात लिहिलं की सर्वपित्री झाली, दुसऱ्या दिवसापासून नवरात्राचे उपास धरलेत, जेवणाचं ताट परत करतो तर गार्डला वाटतं मी संपावर आहे.

बाळ्या, यंदा अधिक आश्विन होता! नवरात्र १७ ऑक्टोबरला बसणार होतं आणि हा महिनाभर आधीच उपाशी. आतल्या आत बोटांवर तिथ्या मोजत होता, अधिक महिना सांगणार कोण? मी रात्री बसून कॅलेंडर हातानं उतरवलं, दोन महिन्यांचं, तिथ्यांसकट. त्याचं उत्तर आलं, "काकाजी, माताजी दोन्ही धरून घेतील." पुढचे नऊही केलेच पठ्ठ्यानं.

दिवाळीचं पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का, हा माणूस इथं नाही. इमिग्रेशन खात्याच्या साइटवर ए-नंबर टाकला तर काहीच दिसत नाही. सुटला असेल तर कोणाकडे गेला? मे महिन्यात १६१ भारतीयांना एका विमानात घालून अमृतसरला उतरवलं होतं, तसंच काही झालं असेल का?

तुझी हळद जिथं जाते ते उंझ्याचे जिरेवाले मेहसाण्यातलेच ना? पोराचं नाव-गाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलंय. दराचं बोलणं झालं की सहज म्हणून विचार, त्या गावात अमेरिकेतून कोणी परत आलंय का. घरच्यांना आणखी काही सांगायला लावू नकोस, अमेरिकेत पोचवणाऱ्या एजंटाचं कर्ज असेल डोक्यावर.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिन्या