आगळातले मीठ सेन्सरला चकवते

संपादक महोदय,

रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीतले आणि आगळातले, म्हणजे त्याच्या मीठ घातलेल्या रसातले, फ्लेव्होनॉइड (फळांतली नैसर्गिक संयुगे) जागच्या जागी मोजणाऱ्या नॅनो-सेन्सर पट्ट्या कोकणातल्या प्रक्रियादारांना निश्चितच उपयोगी पडतील. मात्र पट्टी घेण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: चाचणी खऱ्या आगळात केली, की स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात?

इलेक्ट्रोडवर कार्बन नॅनोट्यूबचा थर दिला की पृष्ठभाग वाढतो, फ्लेव्होनॉइड त्याला चिकटतात आणि विद्युतप्रवाहाचे शिखर उंचावते. (व्होल्टेज वाढवत नेताना प्रवाहाच्या आलेखात येणाऱ्या या शिखराची उंची मात्रा सांगते, जागा पदार्थ सुचवते.) पदार्थ ओळखण्याची क्षमता मात्र त्याने आपोआप येत नाही. कोकमात अँथोसायनिन (लाल रंग देणारे फ्लेव्होनॉइड) एवढे असते की नमुना पातळच करावा लागतो. त्यामुळे अतिसूक्ष्म मात्रा पकडण्याच्या दाव्यांना इथे फारसे महत्त्व नाही.

खरी अडचण मिठाची. छापील पट्टीवरचा चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ-इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो, उघडा असतो, त्यामुळे मिठातले क्लोराइड थेट त्याच्यावर परिणाम करते. क्लोराइड दहापट वाढले की शिखर सुमारे ५९ मिलिव्होल्टने धन बाजूला सरकते. सामू एक अंकाने उतरला तरी साधारण तेवढेच, आणि त्याच दिशेला. आगळ खारट आणि आंबटही, म्हणून दोन्ही चुका एकमेकींत मिळतात आणि एका पदार्थाचे शिखर दुसऱ्याच्या नावावर जाते.

यावर सोपा उपाय आहे. आगळ गाळून ०.१ मोलर अ‍ॅसिटेट बफरमध्ये (सामू ४.५) शंभरपट पातळ करावे. पट्टी त्यात दोन मिनिटे, दर वेळी सारख्याच वेगाने ढवळत, बुडवून ठेवावी. मग ती पाण्याने धुवावी आणि ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड घातलेल्या कोऱ्या बफरमध्ये मोजावी. मीठ, आम्ल आणि बहुतेक क जीवनसत्त्व धुऊन जाते, चिकटलेले अँथोसायनिन राहते. नंतर त्याच पातळ नमुन्यात सायनिडिन-३-ग्लुकोसाइड (कोकमातले एक मुख्य अँथोसायनिन) सारख्या मात्रेने तीनदा वाढवून, दर वेळी नवी पट्टी घेऊन, पुन्हा मोजावे. वाढवलेल्या मात्रेसमोर शिखराच्या उंचीचा आलेख सरळ न येता वाकला तर पृष्ठभाग भरला आहे. नमुना आणखी पातळ करावा. वापरलेली पट्टी पुन्हा घेऊ नये, कारण ऑक्सिडेशनमधून तयार झालेला थर तिच्यावर बसतो आणि पुढचे शिखर खुजे येते.

एवढे करूनही गार्सिनॉल हे कोकमाच्या सालीतले दुसरे संयुग उरतेच. ते फ्लेव्होनॉइड नाही, पण त्याच्यातही कॅटेकॉल गट (इलेक्ट्रोडवर सहज ऑक्सिडीकरण होणारा रेणूचा भाग) असल्याने जवळपास त्याच जागी शिखर देऊ शकते, शिवाय धुतल्याने जात नाही. सालीचा अर्क असेल तर त्यातले अल्कोहोल उडवून, उरलेला पाणीदार भाग मोजणीआधी हेक्झेनबरोबर हलवावा. गार्सिनॉल हेक्झेनमध्ये जाते, अँथोसायनिन पाण्यात राहते. कोकमातली दोन मुख्य अँथोसायनिने मात्र पट्टीला वेगळी करता येत नाहीत, तेव्हा निकाल ‘एकूण, सायनिडिन-३-ग्लुकोसाइड समतुल्य’ असाच लिहावा.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर) मोजलेला आगळाचा प्रमाण नमुना, रातांब्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, प्रक्रियादारांना उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.

– विश्लेषण रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, रत्नागिरी