अमेयच्या टोकियोच्या बेताबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, अमेय जपानला जाऊन अॅनिमेशनमधलं ‘दोगा’चं काम करायचं म्हणतोय, त्यात पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंत. नुसत्या दोगावर भरत नाही.

मुख्य चित्रकार हालचालीतल्या ठळक अवस्था काढतो, ती ‘गेंगा’. ती स्वच्छ रेषेत उतरवून मधली चित्रं भरायची, तो दोगा. सेकंदाला 24 चौकटी. पण टीव्ही मालिकांत एकेक चित्र बहुधा तीन चौकटी धरतात, म्हणजे 8 चित्रं. रेष सारख्या जाडीची आणि सलग हवी. स्कॅन करताना फिकट रेष उडते, आणि बारीकशी फट राहिली तरी रंग बाहेर पसरतो. सावलीची कड रंगीत पेन्सिलीने, म्हणजे तिथे काळी रेष उरत नाही.

आई, तुला वाटेल दोन रेषांच्या मधोमध तिसरी मारली की झालं! मान वळते तेव्हा नाक कमानीतून जातं. विचार न करता नुसता मध्य काढला तर चेहरा आक्रसतो, पडद्यावर डोकं क्षणभर पिचकतं. हात लांब फिरला असेल तर दोन्ही कागद, त्यांची भोकं ज्यात अडकवतात त्या खुंट्यांवरून काढून हातावर हात जुळवायचा, कोऱ्या कागदाची भोकं त्या दोघांच्या भोकांच्या बरोबर मध्ये ठेवून चिकटवायचा आणि मग काढायचं. खुंट्यांवर परत लावला की हात आपसूक मधल्या जागी येतो. हे अमेयला आत्ताच करायला लावा.

पैसे बरेचदा चित्रामागे, साधारण दोन-अडीचशे येन. महिन्याला 400 चित्रं म्हणजे फार तर लाखभर येन. निम्मे खोलीभाड्यातच जातात. चित्र दुरुस्तीला परत आलं तर त्याचे वेगळे सहसा मिळत नाहीत. जानिका या अॅनिमेशन कलाकारांच्या संघटनेच्या 2015च्या अहवालात दोगावाल्यांची सरासरी वार्षिक कमाई सुमारे 11 लाख येन होती. त्यातून दोगाचं बरंचसं काम चीन-कोरियाकडे जातं. म्हणून दोन-तीन वर्षांत गेंगाकडे सरकायचं, किंवा दोगा तपासनीस व्हायचं. दोगातच रेंगाळण्यात अर्थ नाही.

कामाच्या व्हिसासाठी सहसा पदवी किंवा तिथल्या व्यावसायिक शाळेचा डिप्लोमा लागतो, आणि पगार जपानी माणसाइतका तरी हवा. चित्रामागे पैसे देणाऱ्या करारावर ते जमणं अवघड. तेव्हा पदवी पुरी होऊ द्या, आणि करार आला की सही करण्याआधी मला पाठवा; मासिक पगाराचा आकडा आहे का, ते मी बघते.

तुमची,
मेघना