मातीची बाहुली, पांढरा सूट

संपादक महोदय,

माहितीपट म्हटलं की आपल्याकडे अजून सिनेमाआधीची सरकारी रिळंच आठवतात. कंबोडियन दिग्दर्शक रिथी पान यांचा ‘द मिसिंग पिक्चर’ (२०१३) एकदा बघा. ख्मेर रूज या जुलमी कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत आईवडील गमावलेले पान १९७९ साली कंबोडियातून थायलंडच्या निर्वासित छावणीत पोचले, पुढे पॅरिसला सिनेमा शिकले. त्या छळाचं चित्रीकरण कुठून मिळणार? मग मातीच्या बाहुल्या घडवून घेतल्या. वडिलांच्या बाहुलीला पांढरा सूट रंगवणारा ब्रश बघताना मला तरी पुढचं नीट दिसेना. २००६ मध्ये त्यांनी कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, दृकश्राव्य संग्रहही उभा केला, म्हणजे परतून जाऊन! आपल्या फिल्म सोसायट्यांनी हा माहितीपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावा, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे